आईच्या प्रबंधातली मुलगी

आई शाळेत शिकवते आणि नोकरी सांभाळून मुलांच्या मानसशास्त्रात एम.ए. करतेय. प्रबंधाचा विषय आहे, 'शाळा सोडलेली मुलं परत का जात नाहीत'. त्यासाठी तिला लांब कुठे जायलाच नको. गणिताच्या सरांच्या टेबलावर दप्तर आपटून आलेली मी आयतीच घरात बसलेय.

रविवारी तिने मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवला, रेकॉर्डिंग लावलं आणि मला समोर बसवलं.

"बोल बाळा."

बाळा! एरवी मी घरात 'भवाने' असते.

मी मुद्दाम तिरकं बोलले, सरांचा उद्धार केला, तिच्याही शाळेला नावं ठेवली. तरी ती भडकली नाही. समोरचा बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, असं त्यांना एम.ए.ला शिकवलंय म्हणे. नुसती मान हलवत राहिली. इतकं कुणी ऐकून घ्यायला लागलं की माणूस फसतो. बोलता बोलता मी मनातलं बोलून गेले.

"आई, मला परत शाळेत जायचंय गं. शनिवारी ॲडमिशन बंद होतायत. तू येशील माझ्याबरोबर, सरांशी बोलायला?"

तिने पटकन रेकॉर्डिंग थांबवलं. तिचे डोळे भरले होते. मला जवळ ओढलं, केसांतून हात फिरवला. वाटलं, चला, सुटले एकदाची.

 

 

"पुढच्या वर्षी जा ना," ती कानाशी हळूच म्हणाली, "प्रबंध लिहून होत आलाय, आणि त्यात तू परत गेलेली नाहीस."