नाव छापलेला बिल्ला

“पोरी, इथे नोकरी टिकवायची तर आवाज खाली ठेव,” पहिल्याच दिवशी म्हाताऱ्या ग्रंथपाल मिस प्रिचर्डनी नेरिसच्या कानात सांगितलं होतं. नेरिसने तो आयुष्यभर खालीच ठेवला. वेल्समधल्या एका खाणगावच्या वाचनालयात तिने कुजबुजतच पोरांना गोष्टी सांगितल्या, कुजबुजतच म्हाताऱ्यांचे अर्ज भरले. आज तिने निरोपाचा केक कापला, कारण नगरपालिकेने तिची जागाच रद्द केली होती. टाळ्या थांबताच नगरसेवक हसत पुढे आले. “रडताय काय, नेरिसबाई! मंगळवारपासून याच खुर्चीत बसायचंय, फक्त बिनपगारी. तुमच्यावाचून वाचनालय चालायचं कसं?” त्यांनी तिच्या हातात बिल्ला ठेवला: ‘स्वयंसेवक’. खाली तिचं नाव, आधीच छापून आणलेलं. तिने बिल्ला केकमध्ये उभा खोचला आणि पुस्तकं दचकतील अशा आवाजात ती म्हणाली, “चालत नाही ना माझ्यावाचून? मग नोकरी परत द्या. मी हौसेखातर नव्हते येत!”