झेनिल्दोची जागा

लागुना गावाच्या किनाऱ्याला कोळी खांद्यावर पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं, घेऊन कंबरभर पाण्यात रांगेनं उभे होते. फारोफा डॉल्फिन मासे हाकत आणते आणि ज्याच्यासमोर पाण्यावर डोकं आपटते, त्यानंच पाग फेकायचा. बुडालेल्या झेनिल्दोची जागा सातव्या दिवसाच्या प्रार्थनेपर्यंत मोकळी सोडली होती. आज फारोफानं नेमकं तिथंच डोकं आपटलं. मी फोटो काढला.

"बिचारी अजून त्याला शोधतेय," मी म्हणाले.

"वीस वर्षांत तिनं रिकाम्या जागेला कधी खूण केली नाही, पोरी," शेजारच्या जागेवरचे आर्लिंदोकाका पुटपुटले. मग त्या मोकळ्या जागेकडे बघून ओरडले, "टाक की रे, आळश्या! मासे चालले!"

पुढच्या फोटोत सगळ्यांचे पाग खांद्यावरच आहेत. फक्त त्या मोकळ्या जागेपुढे, पाग पडल्यावर उठतं तसं, पाण्यावर गोल वलय उठलंय.