मागचे दोन स्पीकर

"मागचे दोन भिंतीला टेकवू नकोस," शामकांत मास्तर म्हणाले. "मला त्यांच्यातलंच ऐकायचंय."

आसारामने दोन्ही स्पीकर हातभर पुढे ओढले. पुढे दोन, मागे दोन, मधे खुर्ची. तो शेवगावचा. कोपरगावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकून त्याला वर्षही झालं नव्हतं. चार स्पीकरवर वाजणारी रेकॉर्ड तो पहिल्यांदाच बघत होता.

"लोक पुढं बसाया भांडत्यात, मास्तर. तुमचं लई उलटं."

रेकॉर्ड पुण्यातल्या एका सतारीच्या मैफलीची होती. परदेशी माणसांनी चार माइक लावले होते. दोन स्टेजवर, दोन श्रोत्यांत. त्यातला एक शामकांतांच्या रांगेवरच टांगलेला होता. त्यांची तिकिटं दोन होती. बायकोची, नीलांबरीची, खुर्ची डावीकडची. भाच्याने लंडनहून रेकॉर्ड पाठवली आणि आवाज चार स्पीकरांत वाटणारा डबाही. टर्नटेबल घरातलाच, जुना.

आता नीलांबरी नव्हती. तिचा आवाज त्या रेकॉर्डवर आहे का, एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

"तुमी श्येजारीच हुता की. काकू काय बोलल्या ते आठवत न्हाई व्हय?"

"तेव्हा मला काही ऐकू आलं नाही."

"आमच्यात बी तसंच. बायको बोलती अन् मला ऐकूच येत न्हाई."

मास्तर हसले नाहीत.

सुई उडत होती. आसारामने टर्नटेबलच्या दांडीवर पाच पैशांचं नाणं चिकटवलं. मग सतार नीट वाजू लागली. मागून खोकले, खुर्च्यांची करकर, कुणाचं तरी पोर रडलं.

"पुढचे बंद कर."

सतार लांब गेली. खोलीत फक्त माणसं उरली. पहिली बाजू संपली. मास्तरांचा चेहरा उतरला.

"दुसरी लाव."

दुसरी बाजू संपत आली तेव्हा मागच्या डाव्या स्पीकरमधून, अगदी जवळून, बाईचा आवाज आला.

"अहो, आता बघा."

लगेच तबल्याची सम पडली आणि टाळ्या.

मास्तरांनी खुर्चीचे हात धरले. "परत लाव."

पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी आसाराम स्वतःच स्पीकरच्या मागे वाकून बघून आला.

"काकूच?"

"सम यायच्या आधी ती नेहमी असंच म्हणायची."

आसाराम खाली बसला. त्याने शर्टाच्या बाहीला डोळे पुसले.

"लई बरं झालं, मास्तर. त्या मैफलीनंतर किती दिसांनी गेल्या वो काकू?"

मास्तरांनी हलकेच सुई उचलून बाजूला ठेवली.

"तिच्या दहाव्याला घाटावर कावळा पिंडाला शिवेना," ते म्हणाले. "सगळ्यांचं सगळं बोलून झालं. शेवटी मी म्हणालो, पुढच्या महिन्यात पुण्याला सतारीची मैफल आहे, तुला घेऊन जाईन. तेव्हा शिवला."