लॉगिन ताईंचं

लांबच्या सर्व्हरवर काहीही करायचं असलं की आमचे साहेब केबिनमध्ये खुर्चीत रेलून कमांड सोडायचे, पण स्वतःच्या नावाने कधीच नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्या ताईंना दटावून त्यांचा पासवर्ड घेतला होता, तोच वापरायचे. काम फत्ते झालं की मीटिंगमध्ये कॉलर ताठ करून म्हणणार, "मी केलं." बिघडलं की खांदे उडवून, "बघा ना, सर्व्हरवर नाव कुणाचं दिसतंय?"

गेल्या आठवड्यात अशीच एक कमांड ठोकून साहेबांनी गिऱ्हाइकांचा सगळा डेटा उडवला. नाव दिसलं ताईंचं. साहेबांनी हळहळल्याचं नाटक करत त्यांना घरी बसवलं आणि जातीने उभं राहून त्यांचं लॉगिन बंद करवलं.

आज मालक समोर बसलेले असताना सर्व्हर आडवा झाला. "एवढंच ना? मी आहे की," म्हणत साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि ऐटीत स्वतःचं नाव टाकलं. परत टाकलं. मग घाम पुसला आणि कोडग्यासारखा ताईंनाच फोन लावला. मालकांनी तो स्पीकरवर ठेवायला सांगितला.

"अहो ताई, या नावाचं इथे कुणीच नाही म्हणतोय सर्व्हर!"

"बरोबर म्हणतोय, साहेब. वर्षभर जो तिथे काहीच काम करत नाही, त्याचं नाव आपोआप उडतं. नियम तुमचाच आहे."