हाताचा जोर

पडद्यावर बाळाची कवटी फिरत होती. शस्त्रक्रियेत हाड कुठे कापलं तर डोकं पुढे कसं वाढेल, हे शाल्मली आधी संगणकावर करून बघायची. त्यासाठीच इस्पितळाने तिला संशोधक म्हणून नेमलं होतं. नातेवाइकांशी बोलायचं काम सर्जनचं. तरी बाळाची आजी थेट तिच्याच टेबलापाशी आली. हात पदराखाली होते.

"टाळू मीच भरायचे. सून म्हणते, दाबून दाबून तुम्हीच डोकं लांबट केलंत. तेव्हापासून मी त्याला हात लावलेला नाही. तुमच्या यंत्राला विचारा."

हा प्रश्न शाल्मलीला आजवर कुणी विचारला नव्हता. तिने बाळांचा वजनकाटा आणून पुढ्यात ठेवला. "तेल जिरवताना दाबायचात, तसं यावर दाबा."

आजीने डोळे मिटून तळहात टेकवला. काटा जेमतेम हलला. शाल्मलीने तो जोर दसपट करून पडद्यावरच्या कवटीवर टाकला. हाड वाकलं असतं तर तिथे लाल दिसलं असतं. कवटी सगळी निळीच राहिली.

"कवटीच्या हाडांमधला सांधा बाळ पोटात असतानाच बंद झाला होता, म्हणून डोकं लांबट वाढलं," शाल्मली म्हणाली. "तुमच्या हातांचा काही संबंध नाही." आणि ती आपल्या कामाला लागली.

बाळाला घेऊन सून दारात उभी होती. केव्हापासून, ते कुणी पाहिलं नव्हतं. ती आत आली. बाळाचं टोपडं उगाच सारखं केलं.

"आई," ती म्हणाली, "जरा घेता का याला? माझा हात अवघडलाय."