पाठीचा पाळणा

"हिची पाठ म्हणजे पाळणा!" माझे सासरे शेवंता घोडीचं कौतुक माथेरानभर सांगायचे. पाठीचा खळगा भरायला गोधडीची घडी, वर खोगीर, वर गिऱ्हाईक. एक दिवस घोडी जागची हललीच नाही.

"पोटात ताकद नाही, म्हणून पाठ खचलीय," जनावरांचे डॉक्टर म्हणाले, आणि एक व्यायाम शिकवून गेले. तेव्हापासून रोज सकाळी धुक्यात मी तिच्या पोटाखाली बोटं दाबते. पाठ लाटेसारखी वर येते, पुन्हा बुडते.

"गुदगुल्यांनी घोडी बरी होते होय?" सासरे हसायचे.

आज त्यांनी गोधडीवर खोगीर ठेवलं, तर ते डुगडुगलं. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, बराच वेळ; पूर्वीचा खळगा हाताला लागेना. मग खोगीर उतरवलं, गोधडी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"मामंजी, गिऱ्हाईक खोळंबलंय."

"चालत जाईल," म्हणाले, आणि मोकळ्या घोडीसोबत धुक्यात विरघळून गेले.