हाकोनच्या रायफलीला दुर्बीण

"हीही नको," म्हणत तूरेनं तिसरी दुर्बीण टेबलावर परत ठेवली.

"हिला काय झालं आता?" रागनानं विचारलं.

"जड आहे. रायफलीचा तोल जाईल."

बंदुका दुरुस्त करणाऱ्या अमुन्दनं ती बाजूला सारली. टेबलावर हाकोनची रायफल पडली होती. जुनी बनावट, अक्रोडाचा दस्ता, नेम धरायला नळीच्या टोकाला नुसती लोखंडी माशी. हाकोन म्हणजे रागनाचा नवरा, तूरेचा थोरला भाऊ. मागच्या शरदात दोघे एल्क हरणाच्या शिकारीला गेले असताना, दिवस मावळता मावळता, तो तूरेच्या गोळीनं गेला.

"झाडांत काहीतरी तपकिरी हललं, एवढंच दिसलं," तूरेनं पोलिसांना सांगितलं होतं. उजेड कमी झाला की त्याला नीट दिसत नाही, हे गावाला तेव्हा कळलं. सगळ्यांनी ते मानलं. सगळ्यांच्या आधी रागनानं.

तूरेनं आपली बंदूक तळ्यात फेकून दिली. त्यानंतर तो संध्याकाळ झाली की पडदे ओढून बसायचा. हाकोन रानाच्या कडेला येऊन उभा राहतो, म्हणायचा.

म्हणून आज रागनाच त्याला गाडीत घालून इथं घेऊन आली होती.

"त्याची रायफल आता तू वापरायची," ती म्हणाली. "पण वर चांगली काच हवी. म्हणजे परत कुणाचा जीव जाणार नाही. आणि तिथं कुणी उभं नसतं, हे तुझं तुला दिसेल."

अमुन्दनं कपाटातून आणखी एक काढली. पोलादी नळीची, बारकी. "ही या रायफलीला शोभेल. चौपट मोठं दाखवते. याहून जास्त घेतलंस तर झाडीत जनावरच सापडायचं नाही. आणि अंधारून आलं तरी हिच्यातून स्पष्ट दिसतं."

"गोळी भरायला खिट्टी उचलली की दुर्बिणीला आपटेल."

"खिट्टीचा दांडा वाकवून देतो. अजून काही?"

"बसवायला भोकं पाडावी लागतील. मूळची बाबांची रायफल आहे ती."

"तूरे, दुर्बीण बघतोयस की लग्नाला मुलगी?" रागना म्हणाली. अमुन्द हसला. तूरे हसला नाही.

रागनानं खिडकीबाहेर पाहिलं. "उजेड त्या दिवशीसारखाच आहे. मी रानाच्या कडेला जाऊन उभी राहते. यातून माणूस ओळखू येतो का, बघून घ्या."

"रागना, नको!"

पण ती तपकिरी कोट चढवत निघालीसुद्धा.

रायफल आतच ठेवून, नुसती दुर्बीण घेऊन अमुन्द मागच्या अंगणात आला. तूरे त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. गारठलेल्या शेतातून रागना लहान होत गेली आणि काळ्या झाडांच्या बुंध्यांत मिसळून गेली.

अमुन्दनं दुर्बीण डोळ्याला लावली. "तपकिरी काहीतरी दिसतंय खरं," तो पुटपुटला. "थांब, काचेवर वाफ धरलीय." तो सदऱ्याच्या टोकानं काच पुसू लागला.

तूरेचे दोन्ही हात खिशात होते. तो रानाकडे बघत होता.

"हात हलवतेय ती," तो म्हणाला. "हाकोननंही असाच हलवला होता."